‘चार सळया आणि वाकलेले शिंग’ : आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपण आमच्या हिमेजीच्या दुकानाला दोन तारे दिलेत आणि त्यामागची कारणे मराठीत सविस्तर लिहिलीत, म्हणून हे उत्तरही मराठीतच लिहीत आहे. मी मूळची मिरजेची. लग्नानंतर जपानला आले आणि गेली काही वर्षे किल्ल्याजवळच्या एका गल्लीत हे लहानसे दुकान चालवते. आपण आलात त्या दिवशी मी दुकानात नव्हते, याचे आता फार वाईट वाटते, कारण आपल्या बऱ्याचशा तक्रारी तिथल्या तिथे बोलून मिटल्या असत्या. सामुराई शिरस्त्राण म्हणून घेतलेल्या शोभेच्या वस्तूचे शिंग प्रवासात वाकले आणि ती ‘नकली’ निघाली. लोखंडी फूरिन (वाऱ्याने किणकिणणारी टांगती वस्तू) म्हणजे ‘भंगारात किलोवर मिळतील अशा चार सळया’ असून मुलुंडच्या घरी ते वाजतच नाही. आपल्या मुलाला दुकानातले जुने शिरस्त्राण हातात घेऊ दिले नाही. आणि किंमत एक येनसुद्धा कमी केली नाही, असे आपले म्हणणे आहे.

शिरस्त्राणाबाबत चूक आमची आहे, हे आधी मान्य करते. आपण घेतलेला छोटा काबुतो, म्हणजे सामुराई शिरस्त्राणाची प्रतिकृती, शुद्ध कथिलाचा आहे, पण त्याच्या चिठ्ठीवर इंग्रजीत फक्त ‘धातूचा काबुतो’ एवढेच लिहिले होते. शिवाय तो ज्या फळीवर ठेवला होता तिच्या वर ‘चिलखतकारांच्या घराण्याचे घडीव काम’ अशी पाटी होती. ती पाटी शेजारच्या फूरिनची होती. ती वाचून कोणीही हा काबुतोही ऐरणीवर घडवलेला आहे, असेच समजेल. आपला अभिप्राय वाचला त्याच संध्याकाळी मी फळ्या वेगळ्या केल्या आणि प्रत्येक वस्तूपुढे धातू, गाव आणि घडीव की ओतीव हे लिहून ठेवले.

मात्र ती वस्तू नकली नाही. ती ताकाओकाच्या एका ओतशाळेत तयार झाली आहे. माएदा तोशिनागा या सरदाराने १६०९ मध्ये ते गाव वसवले आणि १६११ मध्ये सात ओतारी बोलावून त्यांना कानाया-माची या वस्तीत जागा दिली. तेव्हापासून तिथे ओतकाम चालू आहे. (आमच्या हिमेजीच्या किल्ल्याचा आजचा मुख्य मनोराही १६०९ मध्येच पुरा झाला.) कथील हा मुळातच मऊ धातू आहे. तो अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि शुद्ध असला तर बोटांनी वाकतो. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई करतात ती याच धातूची. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथिलाची कांडी फिरवतो, तेव्हा ती लोण्यासारखी पसरते, हे आपणही लहानपणी पाहिले असेल. कपाळावरची ती दोन शिंगे, ज्यांना कुवागाता म्हणतात, ओतून काढताना इतकी पातळ येतात की सामानाच्या दाबाने वाकणारच. ती सरळ करता येतात. शिंगाच्या मुळाशी अंगठा टेकवून दुसऱ्या हाताने हळूहळू, एकाच दिशेने दाबावे. कान जवळ नेलात तर धातूतून बारीकशी करकर ऐकू येईल. ती तडा गेल्याची खूण नाही, वाकताना कथील तसा आवाज करतेच. पुन्हा पुन्हा मात्र वाकवू नये, तसे केल्यास शिंग मुळापाशी तुटेल. हे सारे विकतानाच सांगायला हवे होते.

आता मुलाविषयी. काउंटरमागच्या कपाटातले शिरस्त्राण एदो काळातले (१६०३ ते १८६८) आहे आणि ते विक्रीसाठी नाही. त्याची वाटी एकाच पत्र्याची ठोकून केलेली नाही. लोखंडाच्या ३२ निमुळत्या पट्ट्या एकीवर एक चढवून रिव्हेटने जोडल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीची कड बाहेर वळवल्यामुळे माथ्यापासून खालपर्यंत उभ्या धारा उठल्या आहेत. अशा बांधणीला सुजि-बाची म्हणतात, आणि काही कारागीर ६२ पट्ट्यांपर्यंतही जात. आमच्या शिरस्त्राणाचे लाखकाम दोन जागी सुटले आहे आणि मानेवर उतरणाऱ्या पट्ट्यांची रेशमी वीण जीर्ण झाली आहे. हाताचा घाम उघड्या लोखंडाला लागला की तिथे गंज धरतो. म्हणून आम्ही स्वतःसुद्धा हातमोज्यांशिवाय त्याला हात लावत नाही. परंतु हे कारण सांगण्याऐवजी आमच्या सहकाऱ्याने नुसतेच ‘नाही’ म्हटले आणि कपाट बंद केले, हे एका लहान मुलाला लागणारच. त्याबद्दल मी त्याची आणि आपली मनापासून क्षमा मागते. जपानमध्ये ५ मेच्या बालदिनाला मुलांसाठी घरात काबुतो मांडतात, आणि मुले वर्तमानपत्राचा काबुतो दुमडून डोक्यावर घालतात. आता काउंटरवर आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आहे. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो दुमडायला शिकवतो.

‘चार सळया’ या शब्दांशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही, आणि इथे जरा विस्ताराने लिहिण्याची परवानगी मागते. हे फूरिन ज्या म्योचिन घराण्यात घडते ते पिढ्यान्‌पिढ्या चिलखते आणि शिरस्त्राणे घडवणारे घराणे आहे. शांततेच्या काळात म्योचिन नाव लावणाऱ्या कारागिरांनी हीच विद्या इतरत्रही वापरली; म्योचिन मुनेआकी यांनी १७१३ मध्ये केलेला, सांध्यासांध्यात वळणारा लोखंडी ड्रॅगन आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हिमेजीचे म्योचिन इथल्या साकाई सरदारांचे चिलखतकार होते. १८७१ मध्ये जहागिऱ्या बरखास्त झाल्या, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, आणि शिरस्त्राण मागणारे कोणी उरले नाही. तेव्हा या घराण्याने हिबाशी, म्हणजे शेगडीतले निखारे हलवायच्या लांब लोखंडी काड्यांची जोडी, घडवून पोट भरले. पुढे घराघरांत गॅस आणि रॉकेलचे हीटर आले, कोळशाची शेगडी गेली आणि हिबाशीलाही गिऱ्हाईक राहिले नाही. त्या अडचणीच्या काळात, १९६० च्या दशकात, ५२ वे वंशज म्योचिन मुनेमिची यांनी त्याच काड्या चार-चार करून दोऱ्याला टांगल्या आणि मधे लोलक सोडला. आपण घेतलेली वस्तू ती हीच.

मी मिरजेची असल्यामुळे ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती परकी वाटलीच नाही. आमच्या गावात १९ व्या शतकात हत्यारांची मागणी ओसरल्यावर शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरा करायला घेतला. आजही सतारमेकर गल्लीत त्यांचीच कुटुंबे भोपळे कोरतात आणि जवारी काढतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याला ‘भोपळा आणि चार तारा’ म्हटले तर मिरजेत कोणाला बरे वाटेल? माझीही तशीच अवस्था झाली.

या काड्या भट्टीत तापवून, ऐरणीवर फिरवत ठोकून निमुळत्या केलेल्या असतात. प्रकाशात धरून एक काडी बोटांत हळू फिरवलीत तर हातोडीचे सपाट ठसे एकामागून एक चमकताना दिसतील. हाताने घडवल्यामुळे चारही काड्या तंतोतंत सारख्या नसतात, प्रत्येकीचा स्वर किंचित वेगळा असतो, आणि दोन जवळचे स्वर एकत्र लागले की नाद एकसुरी न राहता लाटेसारखा कमी-जास्त होत विरतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या सळयांचे तुकडे मी याच दोऱ्याला बांधून पाहिले आहेत. आवाज येतो, नाही असे नाही, पण तो थोटा येतो. सेइको कंपनीने २०११ च्या आपल्या क्रेडोर मनगटी घड्याळात ठोके देणारी तार म्योचिन यांच्याच पोलादाची घेतली, तीही या नादासाठी.

आपल्या घरी ते वाजत नाही, याचे कारण बहुधा अगदी साधे आहे. प्रवासात काड्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून लोलकाभोवती आम्ही पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळतो. ती काढायची असते आणि तसे सांगणारा कागद फक्त जपानीत होता. ती काढल्यावर खालची लांब कागदी पट्टी मोकळी सोडावी, कारण वारा तीच धरते, आणि फूरिन भिंतीपासून निदान वीतभर दूर टांगावे. मुंबईची हवा खारट असल्यामुळे पावसाळ्यात ते गॅलरीत न ठेवता घरात टांगावे आणि आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावे.

किमतीत घासाघीस करणे इथे रूढ नाही, आणि कारागिराने ठरवलेली रक्कम मी कमी करत नाही. तो नियम मी बदलणार नाही. पण काबुतो आपण चुकीच्या पाटीमुळे घेतलात, त्यामुळे त्याचे पूर्ण पैसे परत करण्यास मी बांधील आहे. वस्तू परत पाठवण्याची गरज नाही. पावतीवरचा क्रमांक दुकानाच्या पत्त्यावर कळवलात की रक्कम त्याच कार्डावर जमा होईल. कागदाची पट्टी काढूनही फूरिन वाजले नाही, तर त्याची ध्वनिफीत पाठवावी. दोरा बदलायचा की लोलक, ते मी ऐकून सांगेन, आणि जो भाग लागेल तो आमच्या खर्चाने मुलुंडला पाठवीन.