ग्रीन टीने म्हातारपणी पायांत बळ येतं? थोडा खुलासा

"रोज तीन कप ग्रीन टी घ्या, साठीनंतर झिजलेले स्नायू परत भरतात" असा मेसेज सध्या लातूर-परभणीकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट आहे.

ग्रीन टीत कॅटेचिन नावाचे चहाच्या पानातले नैसर्गिक घटक असतात, त्यातला मुख्य ईजीसीजी. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने स्नायूंची झीज मंदावलेली दिसली, हे खरं. जपानमध्ये स्नायू झिजलेल्या वयस्कर महिलांवरही 2013 साली अभ्यास झाला. त्यात व्यायाम आणि कॅटेचिन दोन्ही मिळालेल्यांची चाल सुधारली. मेसेजवाल्याने नेमका व्यायाम तेवढा गाळला!

शिवाय स्नायू बनतो प्रोटीनने, आणि ते या कपात जवळपास नाहीच. म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं. आपल्याकडे काय होतं? दात नाहीत म्हणून आजी ज्वारीची भाकरी वरणाच्या वरच्या पाण्यात कुस्करून खाते, डाळ राहते पातेल्याच्या तळाशी. तीच डाळ घोटून वाढा. पिठलं, दही, अंडं, शेंगदाण्याचं कूट आहेच. आणि हात न टेकता खुर्चीवरून उठबस, जमेल तेवढी. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चहा आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त जेवणाला लागून नको. अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. अर्काच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगितलंय.