सात दिवसांची ‘शरीरशुद्धी’: यकृताला रस नको, वरण-भाकर हवी

होळी झाली की मराठवाड्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्षभराच्या खाण्याचं विष अंगात साचलेलं असतं. चैत्र-वैशाखात सात दिवस धान्य आणि डाळी बंद करा. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, दिवसभर फळांचे रस आणि पाच लिटर लिंबूपाणी, रोज गुळवेलीचा काढा घ्या. पाचव्या रात्री ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम मीठ प्या. सकाळी पित्ताचे हिरवे खडे पडलेले दिसतील. यातलं एकेक तपासून पाहू.

आधी ‘विष साचतं’ हे. यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त फिरतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. हे काम वर्षातून सात दिवस नव्हे, रोज चालतं. मूत्रपिंडं निकामी झाली तर काही दिवसांतच डायलिसिसची वेळ येते. काही गोष्टी खरंच साचतात, पण त्या रसाने निघत नाहीत. नांदेड, बीड, लातूर, जालना अशा जिल्ह्यांतल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पाणी उकळल्याने किंवा त्यात लिंबू पिळल्याने फ्लोराइड जात नाही. उकळल्याने उलट ते आटून दाट होतं. बोअरचं पाणी तपासून घेणं आणि गरज असेल तर स्रोत बदलणं, हाच त्यावर उपाय आहे.

‘सात दिवस डाळ-धान्य बंद’ हा या संदेशातला सगळ्यात मोठा घोटाळा. काही औषधं आणि शरीरात तयार होणारे काही टाकाऊ पदार्थ यांना निरुपद्रवी करताना यकृत त्यांना ग्लायसिनसारख्या अमिनो आम्लाची किंवा ग्लायसिन, सिस्टीन यांसारख्या अमिनो आम्लांपासून बनलेल्या ग्लुटाथायोनची जोड देतं, मग ते लघवीतून किंवा पित्तातून बाहेर जातात. ही अमिनो आम्लं प्रथिनांतून मिळतात. म्हणजे डाळ बंद केली की यकृताचा कच्चा मालच बंद. उपाशी राहून तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं, मग पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. त्या गोळीचा जो अंश विषारी ठरतो तो ग्लुटाथायोनच निकामी करतं, आणि उपाशी शरीरात त्याचाच साठा घटलेला असतो. शुद्धीच्या नावाखाली यकृताला इजा होण्याची ही सरळ वाट आहे.

त्याऐवजी दिवसाचं ताट मांडून पाहा. ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या तीन भाकरी (मिळून १८० ग्रॅम पीठ) सुमारे १८ ग्रॅम देतात. ६० ग्रॅम तूरडाळीचं वरण १३, मूठभर मटकी किंवा चवळीची उसळ (कोरडी ४० ग्रॅम) नऊ, वाटीभर दही किंवा त्याचं ताक सहा आणि २० ग्रॅम शेंगदाण्याची चटणी पाच. बेरीज झाली. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. भाकर, डाळ आणि माळवं मिळून दिवसाला ३० ग्रॅमच्या पुढे जातं. डाळी आणि गवारीतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. यकृताने पित्तात टाकलेला कचरा बाहेर जाण्याचा हाच रस्ता आहे. रस गाळला की तंतू चोथ्यात जातो आणि साखर ग्लासात उरते. तीन-चार मोसंब्या पिळून एक ग्लास होतो, त्यात साधारण २० ग्रॅम साखर. जालन्याची मोसंबी सोलून फोडी खा, पण सहा ग्लास पिऊन १२० ग्रॅम साखर घेऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांची साखर अशा आठवड्यात कधी चढते, कधी एकदम पडते. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे (म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत) त्यांना मोसंबी, टोमॅटो आणि नारळपाण्यातलं पोटॅशियम थेट हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं.

आता दुधी. दुधीची भाजी उत्तम, पण कडू दुधी हे खरं विष आहे. दुधी, काकडी, वाळूक, दोडका या वेलवर्गात क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. वेलाला पाण्याचा ताण बसला, ऊन जास्त लागलं की ती वाढू शकतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे नेमकी तीच स्थिती. रस प्यायल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब खाली. याच्यावर उतारा नाही, फक्त आधाराचे उपचार आहेत. असा रस पिऊन मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने २०११ मध्ये बजावलं होतं की कडू दुधीचा रस पिऊ नये. प्रत्येक दुधी चिरताना देठाकडची बारीक चकती जिभेला लावून पाहा. किंचितही कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही. रसात आवळा, पुदिना घातला की कडू चव झाकली जाते आणि धोक्याची एकमेव खूण हरवते.

पाचव्या रात्रीचे ‘खडे’ दिसतात, हे खरं. पण ते पित्ताशयातले नसतात. तेल पोटात फुटून त्याची मेदाम्लं होतात आणि बाकीच्या घटकांशी मिळून साबणासारखे मऊ हिरवे गोळे बनतात. अशा गोळ्यांची तपासणी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती: त्यात कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं, आणि ४० अंशांना दहा मिनिटांत ते वितळले. परभणीच्या मे महिन्यात अंगणात ठेवले तरी वितळतील. पित्ताशयातला खरा खडा उन्हात वितळत नाही. खरोखर खडे असणाऱ्याने एवढं तेल एकदम घेतलं तर पित्ताशय जोरात आकुंचन पावतं, लहान खडा नळीत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सोनोग्राफीत खडे दिसले असतील तर शल्यचिकित्सकाला दाखवा.

लिंबूपाण्याने रक्त ‘अल्कलाइन’ होत नाही. रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरून ठेवतात. लिंबाने बदलतो तो लघवीचा. त्याचा एक फायदा मात्र आहे: लिंबातल्या सायट्रेटमुळे मूतखड्याला काहीसा अटकाव होतो. पण पाच लिटर पाणी मिठाशिवाय थोड्या वेळात ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरून भ्रम, झटके येऊ शकतात. उन्हात काम करताना दर २० मिनिटांनी एक छोटा ग्लास पाणी, आणि मधूनमधून मीठ घातलेलं ताक. लघवी फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी होत असेल तर पाणी पुरतंय.

अशाच उन्हासाठी आंबीलही चांगली; ती येळवसेपुरती (वेळ अमावास्येपुरती) ठेवू नका. चार चमचे ज्वारीचं पीठ कपभर ताकात कालवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत आंबतं. एक लिटर उकळत्या पाण्यात ढवळत ओता, आठ-दहा मिनिटं शिजवा, गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि अर्धा चमचा मीठ घाला. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात.

गुळवेल ‘नैसर्गिक’ म्हणून रोज, महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, चुकीची वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. कोपऱ्यावरून तोडून आणलेल्या वेलीबद्दल तर तो प्रश्न अधिकच गंभीर. पाडव्याला कडुनिंबाची चार पानं गूळ-डाळीबरोबर खाणं वेगळं, ग्लासभर रस रोज पिणं वेगळं.

संदेशात ज्याचा शब्दही नाही ते खरं ओझं घरात असतं. उन्हात राबून अंग दुखलं म्हणून कमी पाण्यावर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते; ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं. पावसात भिजलेल्या मक्यावर आणि ओलसर शेंगांवर धरणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते, जे थेट यकृतावर येतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. शेंगा हलवल्यावर दाणा खडखडेपर्यंत वाळवा, सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून टाका.

संदेश वाचून आधीच सुरू केलं असेल तर आजच थांबा. पहिल्या दिवशी मुगाची पातळ खिचडी आणि ताक, दुसऱ्या दिवशी वरण-भात, तिसऱ्या दिवसापासून नेहमीची भाकर-भाजी. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौच पांढरट, पायावर सूज किंवा दिवसभर लघवी नाही, यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि कोणता रस, कोणता काढा, किती दिवस घेतला हे डॉक्टरांना सांगा.