ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

"नवीन समुद्री माशाच्या अंगावर पांढरे ठिपके? घाबरू नका. हीटर ३२ वर न्या, मूठभर मीठ वाढवा, चिमूटभर मोरचूद टाका, लसूण चारा. चार दिवसांत ठिपके गायब, मासा ठणठणीत." कोल्हापुरात मासे पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर हा मेसेज येऊन गेलाय. खाली पुरवणीही आहे: दुकानात पंधरा दिवस टिकलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडायला हरकत नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण या सल्ल्यानं मासे मरतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण लोकांचा विश्वास बसतो तो त्याच्यामुळे. चार दिवसांत ठिपके खरोखर जातात. काहीही केलं नाही तरी जातात! क्रिप्टोकॅरियन नावाचा हा परजीवी माशाच्या कातडीखाली साधारण ३ ते ७ दिवस पोसतो, मग बहुधा अंधारात माशाला सोडून खाली पडतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर कवच करून बसतो. सकाळी लाइट लावली की मासा स्वच्छ दिसतो. त्या प्रत्येक कवचात मात्र नवी पिल्लं तयार होत असतात, एकेका कवचातून शंभर-दोनशे. कवच बहुतेक वेळा ३ ते २८ दिवसांत फुटतं, क्वचित ७२ दिवसही लागतात. दुसरी फेरी येते तेव्हा ठिपके कल्ल्यांत असतात, तिथे ते दिसत नाहीत, मासा नुसता धापा टाकतो. मग लोक म्हणतात, "बरा झाला होता, अचानक गेला."

आता हीटर. हा उपाय गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांच्या रोगाचा. तो परजीवी वेगळा, त्याला ३० अंशांपुढची उष्णता सोसत नाही. समुद्रातला हा मूळचाच उष्ण पाण्यातला, ३० अंशांच्या आसपास तो सुखानं वाढतो. नुकसान होतं ते माशाचं. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम सव्वासहा. कल्ले आधीच सुजलेत, त्यात पाण्यातली हवाही कमी करायची. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर टाकी हीटरशिवायच तापते.

मीठ वाढवण्याचं तर अगदी उलटं आहे. वेगळ्या टाकीत क्षारता (ती इथे विशिष्ट गुरुत्वात मोजलीय, गोडं पाणी म्हणजे १.०००) १.०२५ वरून दोनेक दिवसांत १.००९ पर्यंत खाली आणली, तर क्रिप्टोकॅरियनची कवचं टिकत नाहीत. हाडं असलेल्या माशांना एवढी घट सहसा चालते, कारण त्यांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच असतात. शेवटचा ठिपका गेल्यावर महिनाभर तसंच ठेवायचं, आणि परत चढवताना उतरवण्यापेक्षा जास्त दिवस घ्यायचे. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र आधी तपासून घ्या. १.०१२ वर थांबलात तर परजीवी वाचतो.

मोरचुदावर जरा थांबतो, कारण यात थोडं तथ्य आहे. तांबं या रोगावर खरंच चालतं. पण साध्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. मोरचुदात वजनाच्या पाव हिस्सा तांबं धरलं, तर १०० लिटरला लागतो फक्त ८० मिलिग्रॅमच्या आसपास मोरचूद. फवारणीसाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करणारे आपले तासगावकडचे बागायतदार सांगतील, चिमटीत याच्या कितीतरी पट येतो. शेतीच्या मालात आणखी काय मिसळलंय हेही कळत नाही. मुख्य टाकीत टाकलं की झिंगे, शंख आणि अॅनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) संपले. वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, मात्रा घसरते, माणूस पुन्हा चिमूट टाकतो. तांबं द्यायचंच असेल तर वाळू-दगड नसलेल्या वेगळ्या टाकीत, मत्स्यौषधाच्या बाटलीतलं, आणि टेस्ट किटनं रोज मोजून. बांधीव तांब्याच्या (दुसऱ्या रसायनाला जोडलेल्या, चिलेटेड) औषधांची मात्रा वेगळी असते, ती लेबलवरच पाहा. कमी केलेल्या क्षारतेत तांबं अजिबात नको, दोन्हींतला एकच उपाय धरा.

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक मला वेगळीच वाटते: पांढरं दिसलं की रोग एकच, असं त्यात गृहीत धरलंय. खोलीतली लाइट घालवा आणि मोबाइलची बॅटरी माशावर समोरून न मारता बाजूनं तिरकी मारा. सुटे, मोजता येतील असे दाणे म्हणजे क्रिप्टोकॅरियन. अंगभर बारीक, सोनेरी-करडी भुकटी असेल तर ते वेल्वेट, म्हणजे अमायलूडिनियम. रवा आणि मैदा यांत जो फरक, तोच इथे. वेल्वेटमध्ये मासा भुकटी दिसायच्या आधीच जोरात श्वास घेतो, पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. क्षारता उतरवून वेल्वेट जात नाही, तिथे तांब्यासारखं औषध लागतं, तेही त्याच दिवशी. क्लाउन माशाच्या अंगावरून चिकट पांढरा थर सोलून निघत असेल तर ती ब्रुकलिनेला, हा तिसराच परजीवी. तिथे तांबंही निरुपयोगी, फॉर्मॅलिनची (फॉर्मल्डिहाइडच्या विषारी द्रावणाची) आंघोळ लागते, हातमोजे घालून, खिडक्या उघडून आणि जोरदार हवा सोडून.

कधी कधी रोगच नसतो. मुंबईहून रात्रीच्या बसनं थर्माकोलच्या पेटीत आलेला मासा धापा टाकतो तो अमोनियामुळे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसलात की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबून आलेल्या माशासाठी वेगळ्या टाकीची क्षारता आधीच पिशवीशी जुळवून ठेवा, तापमान सारखं करा आणि मासा लगेच सोडा, पिशवीचं पाणी बाहेर.

लसणानं भूक वाढत असेल तर द्या, परजीवी त्यानं मरत नाही.

आणि दुकानातले पंधरा दिवस. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं आणि दर आठवड्याला नवे मासे येतात, म्हणजे तुमचा मासा रोज नव्यानं संसर्गात. काही ठिकाणी पाण्यात कमी मात्रेचं तांबं कायम असतं, त्यानं रोग दबून राहतो आणि तुमच्या घरी वर येतो. म्हणून नवा मासा आधी घरी वेगळ्या टाकीत ठेवा: साठेक लिटरची टाकी, पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो लपायला, हीटर, आणि मोठ्या टाकीत काही आठवडे मुरवलेला (जिवाणू बसलेला) स्पंज फिल्टर, एवढं पुरतं. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

मासा आधीच मोठ्या टाकीत सोडला असेल आणि दाणे दिसले असतील, तर सगळेच मासे वेगळ्या टाकीत हलवून उपचार करावे लागतील, ठिपके नसलेलेसुद्धा. मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवा. झिंगे आणि शंख तिथेच राहू द्या आणि त्यांना थोडं थोडं खाऊ घालत राहा, म्हणजे फिल्टरमधले जिवाणूही उपाशी राहणार नाहीत.