"नुसता कॉम्प्युटर चालू ठेवायचा" या फॉरवर्डला माझं उत्तर

बिटकॉइनचा भाव वर गेला की हा मेसेज हमखास फिरायला लागतो, आता परत आलाय. थोडक्यात तो असा: "२००९-१० मध्ये बिटकॉइन फुकट मिळायचे. कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवायचा, सकाळी ५० कॉइन तयार. खर्च शून्य. ज्यांनी ते विकले किंवा हरवले ते मूर्ख, नुसते शांत बसले असते तर सात पिढ्यांची सोय झाली असती. आणि संधी अजून गेलेली नाही, आजच घरी मशीन लावा."

वाचायला मस्त वाटतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे नाहीतर चूक, आणि शेवटचं वाक्य तर लोकांचे खरे पैसे घालवणारं आहे, म्हणून एकेक घेऊन बोलतो.

"रात्रभर चालू ठेवायचा, सकाळी ५० कॉइन तयार"

२००९ पुरतं हे खरं आहे, ते आधीच सांगून टाकतो. तेव्हा नेटवर्कची डिफिकल्टी (ब्लॉक लागणं किती अवघड याचा आकडा) १ होती, म्हणजे एक ब्लॉक (बिटकॉइनच्या हिशोबाच्या वहीतलं एक पान) लागायला सरासरी ४२९ कोटी हॅश (नशिबावर चालणारे गणिती प्रयत्न) करायला लागायचे, साध्या कॉम्प्युटरने सेकंदाला १० लाख हॅश केले तरी सव्वा तासात सरासरी एक ब्लॉक, आणि ब्लॉकमागे ५० कॉइन. यालाच माइनिंग म्हणतात, ते करणारा तो मायनर. पण मग हे सगळ्यांनी का केलं नाही? कारण कोणाला माहीतच नव्हतं. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकनंतर डिफिकल्टी पहिल्यांदा वाढली ती ३० डिसेंबर २००९ ला, ३२,२५६ व्या ब्लॉकला. डिफिकल्टी आपोआप बदलते ती दर १० मिनिटांना एक ब्लॉक लागावा म्हणून, त्या हिशोबाने वर्षात ५० हजारांच्या वर ब्लॉक व्हायला हवे होते. झाले ३२ हजार. म्हणजे मशीन इतकी कमी होती की सगळी मिळून ठरलेला वेगसुद्धा गाठत नव्हती, आणि डिफिकल्टी १ च्या खाली जाऊ शकत नाही म्हणून तसंच चालू राहिलं. त्यातही सर्जिओ लर्नर या संशोधकाने २०१३ मध्ये जुने ब्लॉक तपासून दाखवलं की सुरुवातीचे साधारण ११ लाख कॉइन एकाच मायनरचे दिसतात, बहुतेक खुद्द सातोशीचे, म्हणजे बिटकॉइन बनवणाऱ्याचे. राहिले ते मोजक्या लोकांत वाटले गेले. सुरुवातीचं सॉफ्टवेअर तर दुसरा एक तरी नोड (हेच सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर) जोडला गेल्याशिवाय माइनिंग सुरूच करायचं नाही, त्यामुळे नेटवर्कवर दुसरं कोणी सापडतंय का याचीच वाट बघत बसायचं.

आणि "२००९-१०" असं जोडून लिहिणं ही सगळ्यात मोठी गडबड आहे. ही दोन वर्षं एकसारखी नव्हतीच. जुलै २०१० मध्ये बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.३ व्हर्जनची बातमी स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर आली आणि लोक तुटून पडले, त्याच आठवड्यात डिफिकल्टी ४५ वरून एका झटक्यात १८१ वर गेली, एका वेळी चौपटीपेक्षा जास्त वाढूच शकत नाही म्हणून तिथे थांबली. डिसेंबर २०१० च्या शेवटी ती १४,४८४ होती. आता गणित करा, प्रोसेसरवर सेकंदाला २० लाख हॅश धरले तर एका ब्लॉकला सरासरी एक वर्ष. एक वर्ष! आणि हे सरासरी. यात आधी केलेलं काम जमा होत नाही, ११ महिने कोरडे गेले म्हणून बाराव्या महिन्यात ब्लॉक लागायची शक्यता तसूभरही वाढत नाही. ही गोष्ट नवीन माणसाला समजावणं फार अवघड जायचं, अजूनही जातं. याच वैतागातून २०१० च्या अखेरीस पहिला पूल सुरू झाला, सगळ्यांनी मिळून हॅश करायचे आणि जो ब्लॉक लागेल तो वाटून घ्यायचा. मग नव्या काळज्या: पूल बंद पडला, शेअर (केलेल्या कामाचा पुरावा) उशिरा पोचला म्हणून धरला नाही, कोणीतरी फक्त फायद्याच्या वेळेत पूलमध्ये येऊन पळून जातंय. सकाळी ५० कॉइन सोडा, दिवसाला शून्य पॉइंट काहीतरी कॉइन मिळायचे.

"खर्च शून्य"

बिटकॉइनचा जो पहिला भाव कोणी जाहीर केला, तो कशावरून काढला होता माहितीये? विजेच्या बिलावरून. ५ ऑक्टोबर २००९ ला न्यू लिबर्टी स्टँडर्ड या साइटने १ डॉलरला १,३०९.०३ कॉइन असा दर लावला, आणि तो काढला होता माइनिंगसाठी कॉम्प्युटर चालू ठेवायला किती वीज लागते आणि त्यातून किती कॉइन निघाले यावरून. म्हणजे पहिल्या दिवसापासून खर्च हाच भाव होता, आणि मेसेज म्हणतोय खर्च शून्य.

हाल फिनीचं उदाहरण बघा. सातोशीनंतर हे सॉफ्टवेअर चालवणारा बहुधा पहिला माणूस, १२ जानेवारी २००९ ला १० कॉइनचा पहिला व्यवहार त्याच्याकडेच आला. त्याने स्वतः २०१३ मध्ये लिहिलंय की थोडे ब्लॉक मिळाले आणि मग माइनिंग बंद केलं, कारण कॉम्प्युटर तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास होत होता. इतका जाणकार माणूस, क्रिप्टोग्राफीत आयुष्य घातलेला, आणि कारण काय तर गरम होतं आणि आवाज येतो! मला यात त्याची चूक अजिबात दिसत नाही. ज्या कॉइनला बाजारच नाही त्यासाठी मशीन झिजवायचं का, हा अगदी सरळ प्रश्न होता.

आणि हे एका प्रोसेसरचं झालं. २०१० मध्ये लास्लो हॅन्येझ या प्रोग्रामरने ग्राफिक्स कार्डावर माइनिंग सुरू केलं आणि २०११ पर्यंत घराघरात रेडिऑन एचडी ५८५०, ५८७०, ५९७० ही एएमडी कंपनीची ग्राफिक्स कार्डं लागली. एनव्हिडियापेक्षा एएमडीची ही कार्डं या कामात खूप पुढे होती कारण त्यांच्यात साधं पूर्णांकी गणित करणारे छोटे छोटे युनिट भरपूर. एक ५८७० साधारण १८८ वॅट खाऊ शकतं, एका बोर्डवर चार लावली तर साडेसातशे वॅट, शिवाय बाकीचं मशीन, आणि हे सगळं चोवीस तास. खोलीत गेलेली प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होते, म्हणजे बारा महिने हीटर चालू. थंडीत ठीक, उन्हाळ्यात माणूस त्या खोलीत झोपू शकत नाही. मग कॅबिनेटची झाकणं काढा, रायझर केबल लावून कार्डं उघड्या फ्रेमवर टांगा, धूळ झाडत बसा, पंख्याचं बेअरिंग गेलं की कार्ड तापून बंद, मेमरीचा क्लॉक (वेग) खाली आणा कारण या गणिताला मेमरी लागतच नाही आणि तेवढीच वीज वाचते. जास्त कार्डं लावली की बोर्डाच्या २४ पिनी कनेक्टरवर लोड येऊन प्लास्टिक वितळायचं. घरातलं वायरिंग आणि सॉकेट अशा सलग लोडसाठी बसवलेलं असतं का हा प्रश्न तर वेगळाच, आणि तो आजही कोणी विचारत नाही. घरच्यांना आवाज, उकाडा आणि बिल दिसायचं, कॉइन दिसायचे नाहीत, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

"ज्यांनी विकले ते मूर्ख"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. आजचा भाव हातात धरून तेव्हाच्या माणसाला नावं ठेवणं फार सोपं आहे. १२ ऑक्टोबर २००९ ला मार्टी माल्मी या सुरुवातीच्या डेव्हलपरने ५,०५० कॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. २२ मे २०१० ला त्याच हॅन्येझने १०,००० कॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले, तेव्हाच्या हिशोबाने साधारण ४१ डॉलर. सगळे यावर हसतात. पण कोणीतरी हे कॉइन देऊन खरी वस्तू घेतली नसती तर त्यांना भाव आला कुठून असता? नुसते साठवून सगळेच बसले असते तर आज साठवायला काही उरलंच नसतं.

मग २०११. फेब्रुवारीत भाव १ डॉलर, जूनमध्ये ३० च्या वर, आणि नोव्हेंबरमध्ये २. जूनअखेर डिफिकल्टी १३ लाखांच्या पुढे, म्हणजे सहा महिन्यांत ९० पटीच्या वर, आणि ती वाढली तरी भाव मात्र कोसळलेला. कार्डं भाव चढलेला असताना घेतलेली. बिल दर महिन्याला साध्या पैशात भरायचं. अशा वेळी कॉइन विकून बिल भरणाऱ्याला मूर्ख म्हणायचं? ज्याने जूनमध्ये विकले तो त्या वर्षात शहाणाच ठरला ना. नोव्हेंबर २०१३ मध्ये भाव १,००० डॉलरच्या वर आणि जानेवारी २०१५ मध्ये २०० च्या खाली, तेव्हाही तेच.

"किंवा हरवले... नुसते शांत बसले असते तर"

शांत बसणं हाच तर सगळ्यात धोक्याचा मार्ग होता. आज पाकिटाचा (वॉलेटचा, म्हणजे कॉइनच्या चाव्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप म्हणजे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहायचे, बास. या शब्दांचं आजचं स्टँडर्ड २०१३ मध्ये आलं. सुरुवातीला सगळं एका वॉलेट डॉट डॅट नावाच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल सप्टेंबर २०११ च्या ०.४ व्हर्जनपर्यंत पासवर्डने लॉकसुद्धा करता येत नव्हती. कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलं, फाइल उचलली, संपलं. जून २०११ मध्ये एका मायनरचे २५,००० कॉइन विंडोज मशीनवरून असेच चोरीला गेले.

बॅकअप घेणारेही वाचले नाहीत, हे लोकांना माहीत नसतं म्हणून जरा नीट सांगतो. तुमच्याकडे ९,००० कॉइन आहेत आणि तुम्ही १ पाठवला, तर उरलेले ८,९९९ जुन्या जागी राहत नाहीत, ते सुट्टे म्हणून एका नव्या अ‍ॅड्रेसवर परत येतात आणि त्या अ‍ॅड्रेसची प्रायव्हेट की (जिच्याशिवाय कॉइन खर्च करता येत नाहीत ती चावी) व्यवहाराच्या वेळीच तयार व्हायची. म्हणजे कालचा बॅकअप आज निकामी. ऑगस्ट २०१० मध्ये एका माणसाचं अगदी असंच झालं, व्यवहाराआधीचा बॅकअप होता, सिस्टिम सीडीवरून चालवलेली असल्यामुळे बंद केल्यावर चालू फाइल पुसली गेली, ८,९९९ कॉइन कायमचे गेले. त्यानंतर सॉफ्टवेअर १०० की आधीच बनवून ठेवायला लागलं, पण तेही शंभर संपेपर्यंतच. आता सांगा, यात निष्काळजीपणा कुठे होता? त्याने बॅकअप घेतला होता!

स्वतःकडे नको म्हणून एक्सचेंजवर, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या साइटवर ठेवले तर? फेब्रुवारी २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं तेव्हा साधारण साडेआठ लाख कॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, नंतर दोन लाखांच्या आसपास सापडले, आणि लोकांना कॉइन परत मिळायला सुरुवात व्हायला २०२४ उजाडलं. हे लोकसुद्धा शांतच बसले होते.

"संधी अजून गेलेली नाही, आजच घरी मशीन लावा"

एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५ कॉइन मिळतात. २०२४ च्या अखेरीस डिफिकल्टी १०० लाख कोटींच्या पुढे गेली. तो आकडा धरून सेकंदाला २०० टेराहॅशचं (१ टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी हॅश) मशीन, म्हणजे साडेतीन हजार वॅट खाणारं, दिवसाला ८४ युनिट जाळणारं, घरात लावलं तर एकट्याने एक ब्लॉक लागायला सरासरी ६८ वर्षं. टेबलावर ठेवायची छोटी १ टेराहॅशची पेटी असेल तर साडेतेरा हजार वर्षं. पूलमध्ये गेलात तर रोज थोडं मिळेल, पण ते तुमच्या युनिटच्या दरापेक्षा जास्त आहे का एवढाच प्रश्न उरतो, आणि घरगुती दराने बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. ग्राफिक्स कार्डाचंही सांगतो, इथेरियम या दुसऱ्या मोठ्या नेटवर्कने १५ सप्टेंबर २०२२ ला माइनिंगच बंद केलं, तेव्हा एका दिवसात जगभरातल्या घरच्या रिगचं (कार्डं लावलेल्या मशीनचं) मुख्य काम गेलं.

शिकायला म्हणून, आवड म्हणून, थंडीत खोली गरम करायला म्हणून कोणी घरी मशीन लावत असेल तर मला मनापासून आनंद आहे, हे नेटवर्क अशाच लोकांनी उभं केलंय. पण या मेसेजच्या खाली बहुतेक वेळा एक लिंक असते. मोबाइलवर माइनिंग करणारं अ‍ॅप, नाहीतर "आम्ही मशीन चालवतो, तुम्ही फक्त पैसे भरा" अशी योजना. मोबाइलवर हाती काही लागेल असं बिटकॉइनचं माइनिंग होत नाही. होऊच शकत नाही, वरचं गणित बघा. आणि ज्याच्या मशीनवर खरंच खात्रीचा फायदा निघतोय तो ते मशीन तुम्हाला भाड्याने का देईल? विचारायचंच असेल तर मशीन कुठे आहे, विजेचा युनिट दर काय, डिफिकल्टी वाढली तर करारात काय लिहिलंय, हे विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका.

आणि हा मेसेज वाचून जुनी हार्ड डिस्क शोधायला निघाला असाल तर थांबा. डिस्क सापडली तर तिच्यावर काहीही इन्स्टॉल करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको, आधी तिची पूर्ण जशीच्या तशी कॉपी काढा आणि जे शोधायचं ते कॉपीवर शोधा. वॉलेट डॉट डॅट मिळालीच तर ती फाइल "रिकव्हर करून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही पाठवू नका, २०११ च्या आधीची असेल तर तिला पासवर्ड नसणारच, ज्याच्या हातात फाइल त्याचे कॉइन.