‘सहा खुणा’ पाठ केल्याने बनावट मेल ओळखता येत नाहीत

ऑनलाइन बाजारपेठांच्या नावाने येणारे बनावट ईमेल ‘दहा सेकंदांत’ ओळखायला शिकवणारं एक ढकलपत्र सध्या वेगवेगळ्या रूपांत फिरतंय. त्यातल्या सहा खुणा अशा: मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असतात. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा नसतो. तुमचं नाव नसतं, नुसतं ‘प्रिय ग्राहक’ असतं. लिंकमागच्या साइटवर कुलपाचं चिन्ह नसतं. लिंकच नसेल तर मेल निर्धोक. आणि ओटीपी कुणाला दिला नाही तर तुमचं कुणी काही बिघडवू शकत नाही. शेवटी तळटीप: चुकून मेल उघडलाच तर फोन ताबडतोब फॉरमॅट करा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण वाचणारा यातून उलटा निष्कर्षही काढतो, की खूण दिसली नाही म्हणजे मेल खरा. माणूस फसतो तो तिथे.

शुद्धलेखनाचा मुद्दा चटकन संपतो. भामटे बऱ्याचदा मजकूर लिहीतच नाहीत. खऱ्या कंपनीचा मेल लोगोसकट उचलतात आणि एक बटण बदलतात. जे लिहायचं ते आता यंत्राकडून हव्या त्या भाषेत बिनचूक लिहून मिळतं. शिवाय चुका असल्या तरी त्या अडाणीपणाच्याच असतात असं नाही. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली मांडलं होतं, की नायजेरियातल्या मोठ्या रकमेचं आमिष दाखवणारी ती हास्यास्पद पत्रं तशीच असणं पाठवणाऱ्याच्या सोयीचं असतं. शहाणे पहिल्याच ओळीला गळतात आणि उरलेल्यांवर मेहनत घेता येते.

‘पाठवणाऱ्याचा पत्ता बघा’ हा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त धोक्याचा. एक नमुना घेऊ. विषय: ‘तुमची ऑर्डर पाठवली आहे’. आत महागडा लॅपटॉप, अनोळखी पत्ता आणि खाली बटण: ‘ही ऑर्डर तुमची नसेल तर रद्द करा’. पाठवणारा म्हणून कंपनीचं नाव दिसतं. ते नाव म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः भरलेला रकाना. तिथे काहीही लिहिता येतं आणि मोबाइलवर बहुतेक वेळा तेवढंच दिसतं. त्यावर बोट ठेवलं की खरा पत्ता उलगडतो. समजा तो ‘अमेझॉन डॉट कॉम डॉट ऑर्डर-तपासणी डॉट नेट’ असा निघाला. सुरुवातीला ओळखीचं नाव दिसलं की नजर पुढे सरकते. पण इंटरनेटवरचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. इथे मालक ‘ऑर्डर-तपासणी डॉट नेट’ आहे, आधीचं सगळं सजावट. लिंकचंही तसंच: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधी शेवटी जे येतं ते घराचं नाव. त्यात इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवून ‘एम’चा भास करता येतो. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून ॲपलच्या पत्त्यासारखा हुबेहूब पत्ता काही ब्राउझरांत उघडून दाखवला होता. डोळ्यांवर किती भिस्त ठेवायची?

ईमेलचा मूळ नियम १९८२ सालचा. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या आपोआप होणाऱ्या तपासण्या नंतर आल्या आणि त्या उपयोगी आहेत. पण मेल त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या त्या घराच्या मालकाच्या, परवानगीने आला का, एवढंच त्या सांगतात. भामट्याने स्वतःच विकत घेतलेल्या डोमेनवरून पाठवला तर तो या तपासण्या सहज पार करतो.

यापुढची पायरी म्हणजे पत्ता शंभर टक्के खरा आणि तरीही फसवणूक. २०२२ मध्ये ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालच्या बाबतीत हे गाजलं. ठकांनी पेपालवर खातं उघडून तिथूनच लोकांना बिलं पाठवली. मेल पेपालच्या सर्व्हरवरून, पेपालच्याच पत्त्यावरून आला. फक्त बिलातल्या टिपेत लिहिलं होतं, ‘हा व्यवहार तुमचा नसेल तर या क्रमांकावर फोन करा’. पलीकडे भामटा. दुसरी आणि पाचवी अशा दोन खुणा यात एकदम निकालात निघतात. सापळ्याला लिंक लागतेच असं नाही, फोन क्रमांक पुरतो. क्यूआर कोडही पुरतो, कारण तो चित्र असतो आणि त्यातला पत्ता डोळ्यांना वाचता येत नाही.

नावाबद्दल. २०१४ च्या मे महिन्यात ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने आपल्याकडची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर केलं. सुमारे १४.५ कोटी खातेदारांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. चोरांच्या हाती लागलेल्या साठ्यात नावं, ईमेल, घरचे पत्ते, फोन आणि जन्मतारखा होत्या. हे एकाच चोरीचं. तेव्हा मेलमध्ये तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता बरोबर असणं हा कसलाच पुरावा नाही. आणि कुलूप? ते फक्त सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. साइट चोराची असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं होतं, इतकंच. असं प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज बघून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं.

‘ओटीपी दिला नाही तर काही होत नाही’ हे वाक्य तर पुसूनच टाकावं असं आहे. बनावट पान आता नुसतं चित्र नसतं, ते मधला दलाल असतं. तुम्ही तिथे टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. आपण लॉगिनच करतोय या समजुतीने तुम्ही तो पानावर टाकता आणि दलाल आत शिरतो. ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही’ असं फसलेली व्यक्ती नंतर अगदी प्रामाणिकपणे म्हणते. यावर चालणारा उपाय पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली; ती ठरलेल्या डोमेनखेरीज दुसरीकडे चालतच नाही. पासवर्ड मॅनेजरही असाच राखणदार. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तो हाताने टंकण्याआधी थांबा.

या ढकलपत्रात विक्रेत्यांचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकलं. जुना कॅमेरा विकायला काढलेल्या माणसाला येणारे मेल वेगळे असतात. ‘खरेदीदाराने पैसे भरले आहेत, रक्कम आमच्याकडे सुरक्षित आहे, वस्तू पाठवून ट्रॅकिंग क्रमांक कळवा, मग ती तुमच्या खात्यात जमा होईल.’ यात पासवर्ड नाही, ओटीपी नाही, घातक लिंकही नाही. वस्तू जाते आणि पैसे कधीच येत नाहीत. दुसरा प्रकार, ‘खरेदीदाराने चुकून जास्त रक्कम भरली, फरक परत करा’. तिसरा, रागावलेल्या गिऱ्हाइकाचा: ‘माल मिळाला नाही, उत्तर द्या नाहीतर तक्रार करतो’, आणि खाली उत्तराचं बटण. आपलं रेटिंग जपणारा विक्रेता घाईने ते दाबतो आणि बनावट लॉगिनवर पोहोचतो.

या सगळ्यांत तपासायची गोष्ट एकच, आणि ती मेलमध्ये नसते. मेल खरा की खोटा हा निकाल तुम्ही देण्याची गरजच नाही. तो तसाच ठेवा, ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाका, आणि ऑर्डर, जमा रक्कम, तक्रार तिथे आहे का ते पाहा. ईबेवर ‘मेसेजेस’ आणि अमेझॉनवर ‘मेसेज सेंटर’ हा विभाग खात्यातच असतो. तिथेही पडताळता येतं. (मात्र तिथे दुसऱ्या सदस्याने पाठवलेला संदेश म्हणजे कंपनीचा संदेश नव्हे.) मेल खरा असेल तर या फेरफटक्यात काही बिघडत नाही.

राहिली फॉरमॅटची तळटीप. अद्ययावत फोनवर मेल नुसता उघडल्याने सहसा काही होत नाही. फार तर आतलं चित्र लोड होऊन तुमचा पत्ता चालू असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. नुकसान होतं ते माहिती भरल्याने किंवा जोडलेली फाइल चालवल्याने. फाइल चालवली असेल तर ते उपकरण नेटपासून तोडून तपासून घ्या. पासवर्ड दिला असेल तर फोन फॉरमॅट करून तो परत येत नाही. खऱ्या साइटवर जाऊन तो बदला, सर्व उपकरणांवरून साइन-आउट करा, तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदला. मग खात्यातला डिलिव्हरीचा पत्ता आणि पैसे जमा होण्याचं बँक खातं कुणी बदललं नाही ना ते पाहा. विक्रेत्यांच्या बाबतीत चोर आधी तिथेच हात घालतो. ईमेलचाही पासवर्ड गेला असेल तर आपोआप फॉरवर्ड करणारा एखादा नियम मागे ठेवलेला नाही ना, हे सेटिंगमध्ये बघा. कार्डाची माहिती दिली असेल तर हे सगळं नंतर, आधी कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन. आणि तो मेल पुसण्याआधी कंपनीकडे पाठवा. ईबेसाठी तो पत्ता ‘स्पूफ ॲट ईबे डॉट कॉम’ आहे.