जादू आहे ना, मग फरशी कोण पुसतंय?

परत तेच! काल रात्री अजून एक फँटसी कथा वाचायला घेतली, तिसऱ्या पानावर भांडी मंत्राने आपोआप घासली जातात आणि पुढच्याच पानावर त्याच घरात मोलकरीण गुडघ्यावर बसून फरशी पुसतेय, अरे का?? भांड्यांना मंत्र आहे तर फरशीला का नाही, आणि असेल तर तो त्या बाईला कुणी शिकू दिला नाही ते तरी लिहा ना, खरी गोष्ट तर तिथंच आहे! पाणी आपोआप घरात येतं म्हटल्यावर पाणक्याच्या पोटाचं काय, विहिरीवरच्या गप्पा कुठे गेल्या, कुणाला पडलेलीच नाही.

खऱ्या जगात वॉशिंग मशीन आलं, हातांचे कष्ट वाचले, पण कपडे जास्त वेळा धुवायची अपेक्षाही वाढली आणि ते काम बहुतेक घरातल्या बाईकडेच राहिलं. मग जादूच्या घरात सासू विचारणारच ना, मंत्र येतो तर चादरी रोज का नाही बदलल्या? एवढं साधं सुचत नाही? युद्धासाठी ढीगभर मंत्र, आणि तान्ह्या बाळाचे लंगोट पावसात वाळवायला एक नाही. मिटवून टाकलं पुस्तक, खूप राग आला.