मी बोलतोय गं!

गेल्या रविवारी आमच्या दहावीच्या वर्गातल्या बावीस जणी भेटलो. १९७५ ची बॅच. जुनी अकरावी मॅट्रिक आणि नवी दहावी एकाच वर्षी बोर्डाला बसली, त्यातला आम्ही नव्या दहावीचा पहिला घाणा. आता सगळ्या पासष्टीच्या पुढं.

फोटो सगळ्यांनी बघितले, लाइक केले, "शाळकरी मुली वाटताय" असंही लिहिलं. पण या बावीस जणी गोळा करायला आम्हाला दोन वर्षं लागली, ते कुणाला माहीत नाही. आमच्या ह्यांची बॅच चार दिवसांत जमली होती. पुरुषाचं आडनाव आणि पेठ सांगितली की कोल्हापुरात माणूस सापडतो. बाईचं तसं नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं की नाव गेलं, मधलं वडिलांचं गेलं, आडनाव तर गेलंच. फेसबुकवर शोधायचं तरी काय? लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा कधीच नव्हता, हे मला पेन्शनच्या कागदांच्या वेळी कळलं. शाळेचा दाखला एका बाईचा, आधार कार्ड दुसऱ्या बाईचं, आणि दोघी मीच, असं मला शंभराच्या स्टॅम्पवर लिहून द्यावं लागलं!

मग आम्ही हजेरीपट डोळ्यांपुढं आणून एकेकीच्या माहेरच्या गल्लीत गेलो. बहुतेक ठिकाणी वहिनी दारात आली, चहा झाला, नंबर मिळाला. एका घरात मात्र वहिनी म्हणाली, "त्यांचा आमचा आता संबंध नाही." पुढं कळलं ते असं, की आमच्या मैत्रिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली नव्हती. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिलाय, पण तो मागितला की भावाच्या मोबाइलमधून बहिणीचा नंबर जातो. आमच्या बावीस जणींत किती जणींनी मुकाट सही केली, ते मी तिथंच हात वर करायला लावून मोजलं. सतरा. त्यात मीही. साडी मिळाली होती. बरी होती साडी.

त्या मैत्रिणीचा नंबर शेवटी तिच्या मावशीकडून मिळाला. पुण्यात सदाशिव पेठेत दिलेली. मी फोन लावला, पलीकडून एकदम शुद्ध आवाज आला, "कोण बोलतंय?" मला वाटलं, चुकीचा नंबर. तरी म्हटलं, "मी बोलतोय गं, हजेरी नंबर सतरा." दोन क्षण शांतता. आणि मग, "आयला! कुठनं बोलतोस?"

बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात पोरीसुद्धा "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. तिला सासरी पहिल्याच आठवड्यात "आले म्हणावं, आलो नाही" असं शिकवलं होतं. चाळीसेक वर्षं ती "आले, गेले" करत होती. त्या फोनवर अर्धा तास "आलो, गेलो" बोलली आणि मग रडली.

आता माझी तक्रार, आणि ती आमच्यावरच आहे. भेटल्यावर प्रत्येकीनं पाच मिनिटं बोलायचं ठरलं. पहिली उठली, "थोरला अमेरिकेत, धाकटी बेंगलोरला, नातू तिसरीत." दुसरी उठली, तेच. तिसरीनं मिस्टरांच्या बायपासची तारीखवार हकीकत सांगितली. चौथीनंतर मी उठले आणि म्हटलं, बास. नवरा, पोरं, नातवंडं, सुना यांच्यातलं एकही नाव घ्यायचं नाही. फक्त स्वतःचं सांगायचं.

अख्खा हॉल गप्प. नोकरीवाल्यासुद्धा गप्प. आणि ज्यांनी नोकरी केली नाही त्या म्हणाल्या, "आमचं काय, आम्ही तर घरीच." घरी म्हणजे? माझी अठ्ठावन्नाव्या वर्षी फाइल बंद झाली, तुमची अजून चालू आहे की! सकाळी नातवाचा डबा, दुपारी सासूबाईंची औषधं. त्यांना निवृत्त कोण करणार?

मग हळूहळू निघालं. एक जण साठीनंतर स्कूटर शिकली, रोज पहाटे रंकाळ्याला जाते आणि संध्यामठ पाण्याबाहेर किती आला ते वहीत लिहून ठेवते. का? "असंच." मला ते "असंच" फार आवडलं. एकीनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले, पण कुंकू काढलं नाही. "हेरवाडनं २०२२ ला ठराव केला, मी घरातल्या घरात केला," म्हणाली. हेरवाड म्हणजे आपल्याच शिरोळ तालुक्यातलं गाव, विधवा प्रथा बंद करणारं. सुरुवातीच्या हळदीकुंकवाला आमच्यातलीच एक जण तिच्यापुढं करंडा धरावा की नाही म्हणून घुटमळली होती, हेही लिहायला पाहिजे. पेपरात गाव आलं म्हणून हात लगेच सुटत नाही.

संध्याकाळी पुणेकरीण म्हणाली, गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायचंय. लहानपणी तिचे वडील आणि भाऊ रोज जायचे, ही कधीच नाही. आम्ही सहा जणी गेलो. म्हशी उभ्या, समोर धार काढतायत, ग्लासावर बोटभर फेस. आजूबाजूला सगळे तालमीतले गडी, जरा सरकून जागा दिली त्यांनी.

दूधवाल्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "मावशी, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

तिनं मिशीसारखा फेस पदरानं पुसला आणि हजेरीपटावरचं नाव सांगितलं. अख्खं, वडिलांच्या नावासकट.

"अगं, मग आमच्याच गल्लीतली की तू!" म्हणत त्यानं तिचा ग्लास परत भरला.

पैसे दोन्ही ग्लासांचे घेतले.